आकड्यांआधीचा विराम

१९९७ साली आम्ही न्यू जर्सीत होतो. दिवसभर आई घरात एकटी. अलार्म वाजला की माझ्या पेजरवर कळावे, म्हणून कीपॅडवर मीच आकडे भरले : पेजरचा नंबर, पाठोपाठ ‘९११’. चाचणी घेतली, पेजर गप्प! यंत्र बहिरेच, पलीकडचा ‘बीप’ होण्याआधीच ते आकडे सोडून मोकळे होई. मध्ये काही सेकंदांचे विराम घातले, तेव्हा कुठे पेजर थरथरला.

पुढे एका दुपारी तो खरेच थरथरला. घरी फोन लावला तर एंगेज. लाइन यंत्रानेच अडवलेली. दहाव्या प्रयत्नाला आई म्हणाली, “अरे, तुळशीला पाणी घालायला मागचं दार उघडलं. भोंगा थांबेचना!”

तो बंद करायचा कोड मी तिला सांगितलाच नव्हता.