डोळा दुखला नाही म्हणून निर्धास्त राहू नका! तीव्र उजेडाने डोळ्याचा पडदा बिघडतो, तोही गुपचूप

गावात फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर वेल्डिंग चालू असलं की पोरं बघत उभी राहतात. रात्री डोळे चरचरतात, वाळू गेल्यासारखे टोचतात. हे दुखणं डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं असतं. बहुतेक वेळा ते एक-दोन दिवसांत बरं होतं. खरी काळजी मागच्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची. या पडद्याला वेदना कळतच नाहीत.

पडदा बिघडतो कसा?

डोळ्यातलं भिंग सगळा उजेड पडद्यावर गोळा करतं. उजेड प्रखर असेल आणि बराच वेळ पडत राहिला, तर पेशींमध्ये घातक रासायनिक क्रिया सुरू होते. निळा प्रकाश यात जास्त त्रासदायक. थोडी झीज शरीर भरून काढतं, पण टक लावून बघत राहिलं की नुकसान वाढत जातं. एकाच दिवसात थोडं-थोडं बघितलं तरी त्याची बेरीज होते. लहान मुलांचं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे त्यांच्या पडद्यापर्यंत निळा प्रकाश जास्त पोहोचतो.

लेझरचं तसं नाही. त्याची उष्णता क्षणात पडदा भाजते. कोल्हापूर, नाशिककडे गणेश मिरवणुकीतल्या लेझरमुळे तरुणांच्या नजरेवर परिणाम झाल्याच्या घटना समोर आल्या आहेत.

ही लक्षणं ओळखा

काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी समोर मधोमध काळा डाग दिसतो. सरळ रेषा वाकडी दिसते, रंग फिके वाटतात. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, तर काहींचा डाग कायम राहतो. खात्रीचा इलाज नाही, म्हणून जपणं हाच उपाय.

काय काळजी घ्याल?

- वेल्डिंग करताना योग्य नंबरच्या काचेचा मास्क वापरा. साधा काळा गॉगल पुरत नाही.
- २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच किंवा परातीतल्या पाण्यातून सूर्य बघू नका. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्माच वापरा. नाहीतर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागदावर पडणारी प्रतिमा बघा.
- मिरवणुकीत लेझर थेट डोळ्यांवर येत असेल तर तोंड फिरवा, तिथून बाजूला व्हा.

मग मोबाईलचं काय?

मोबाईलचा उजेड सूर्याच्या मानाने फारच मंद असतो. त्याने पडदा खराब होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण डोळे कोरडे पडतात आणि रात्री झोप उडते, हे खरं.

नजरेत डाग दिसला तर मेडिकलमधून ड्रॉप आणून दिवस घालवू नका. कच्चं दूध, तुळशीचा रस डोळ्यात घालू नका. तडक नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन पडदा तपासून घ्या.