कामगाराचा कागद आणि कायद्याचा विद्यार्थी

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलात, म्हणजे गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे पडतात, दुर्ग येते आणि थोड्याच वेळात भिलाईच्या धुराड्यांची रांग खिडकीतून दिसू लागते. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, ही हकीकत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे या गावी नोकरीनिमित्त आली आणि येथलीच होऊन गेली. त्यांच्याकडून आपण पोलादाविषयी बरेच ऐकले असेल. आज आम्ही आपणांस भिलाईतील दुसऱ्याच एका कामाची ओळख करून देणार आहोत. ते काम भट्टीचे नव्हे, कागदाचे आहे.

असे समजा की, खुर्सीपारच्या वस्तीत राहणारा एक कामगार बारा वर्षे एकाच फाटकातून कामावर गेला. या काळात ठेकेदार तीन वेळा बदलले. फाटक तेच, काम तेच. एके दिवशी त्याला 'उद्यापासून येऊ नको' असे सांगण्यात आले. त्याची ग्रॅच्युइटी किती? हिशेब अवघड नाही. शेवटचा मासिक पगार 13,000 रुपये धरला, तर त्यास 26 ने भागून एका दिवसाचे 500 रुपये होतात. दर वर्षास पंधरा दिवस, म्हणजे 7,500 रुपये. बारा वर्षांचे 90,000 रुपये. मुलीचे शिक्षण किंवा घराचे छप्पर या रकमेवर अवलंबून असू शकते. अडचण हिशेबाची नाही, पुराव्याची आहे. ठेकेदार म्हणतो, 'हा माझ्याकडे केवळ चार वर्षे होता,' आणि कागदोपत्री ते खरेही दिसते!

अशा वेळी कामगाराच्या पत्र्याच्या पेटीतून जुने गेटपास, वेतनाच्या चिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक असे सारे बाहेर काढावे लागते. ते तारखेनुसार लावावयाचे, मधले कोणते महिने रिकामे आहेत ते पाहावयाचे, आणि ते भरून काढण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावयाचा. भिलाईचा पोलाद कारखाना सार्वजनिक क्षेत्रातील असल्यामुळे 2005 चा हा कायदा त्यास लागू आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. हे काम करण्यास वकिलाची सनद लागत नाही. लागतो तो वेळ, चिकाटी आणि कायद्याची प्राथमिक समज. या तिन्ही गोष्टी कायद्याच्या विद्यार्थ्यापाशी असतात. निदान असावयास हव्यात.

1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार विद्यार्थ्यास न्यायालयात उभे राहून बाजू मांडता येत नाही. म्हणून त्याची मदत दुय्यम, असा समज पुष्कळांचा असतो. आम्हांस तो चुकीचा वाटतो. भिलाईचा कामगार बोलतो छत्तीसगढी. त्याचा शेजारी तेलुगू, ओडिया किंवा मराठी. खालच्या न्यायालयाचा व्यवहार चालतो हिंदीत, आणि बिलासपूरच्या उच्च न्यायालयाचा इंग्रजीत. माणसाच्या तोंडची हकीकत कायद्याच्या भाषेत उतरेपर्यंत तिच्यातले काय काय गळून पडते, हे भाषांतराचा व्यवसाय करणारा प्रस्तुत लेखक अनुभवाने सांगू शकतो. सरकारी मराठीत ग्रॅच्युइटीस 'उपदान' म्हणतात. तो शब्द उच्चारून एखाद्या कामगाराच्या चेहऱ्याकडे पाहावे!

या गावाने कायद्याच्या शिक्षणाचा एक असाधारण दाखला पाहिला आहे. सुधा भारद्वाज यांचा जन्म 1961 साली अमेरिकेत झाला. कानपूरच्या आय.आय.टी.त गणिताचे शिक्षण घेऊन त्या 1986 च्या सुमारास छत्तीसगडमध्ये आल्या आणि शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार चळवळीत काम करू लागल्या. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची भिलाई येथे गोळ्या घालून हत्या झाली. पुढे कामगारांचे तंटे वर्षानुवर्षे न्यायालयांत रेंगाळू लागले. संघटनेस परवडेल आणि विश्वासाने शेवटपर्यंत लढेल असा वकील मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांनाच कायदा शिकण्याचा आग्रह केला. चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, 2000 साली, त्यांनी येथील कल्याण महाविद्यालयातून पदवी घेतली. आपले विद्यार्थी आधी कायदा शिकतात आणि मग पक्षकार शोधतात. येथे पक्षकार आधी होते. 2018 साली भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली व डिसेंबर 2021 मध्ये जामीन मिळाला. भायखळ्याच्या कारागृहातही त्यांनी इतर बंदी स्त्रियांचे अर्ज लिहून दिले, याची नोंद येथे केली पाहिजे.

प्रत्येकाने एवढे करावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नियमांनी थोडी अपेक्षा ठेवली आहे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक कायदा महाविद्यालयात विधी-साहाय्य केंद्र असणे आवश्यक आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास एकूण बारा व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास एकूण वीस आठवड्यांचे प्रत्यक्ष काम सांगितले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2011 च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थ्यांस एखादे गाव दत्तक घेऊन तेथील लोकांच्या अडचणींची पाहणीही करता येते. खरी परिस्थिती मात्र अशी की, पुष्कळ ठिकाणी केंद्राचा फलक लागतो, उद्घाटनाचे छायाचित्र निघते आणि नोंदवही कोरी राहते. परीक्षेचे वेळापत्रक आड आले, हे कारण आम्हांस पटत नाही. आठवड्यातून एक सायंकाळ, पण ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या जागी, एवढे पुरेसे असते. वर्षातून एकदा होणाऱ्या मेळाव्यापेक्षा जामुल-छावणीतील ती एक सायंकाळ अधिक उपयोगी पडेल.

या सेवेस इंग्रजीत 'प्रो बोनो' म्हणतात. ती मूळ लॅटिन संज्ञा, अर्थ, लोकहितासाठी. मराठीत तिचे भाषांतर कोणी 'धर्मार्थ' असे करतात. आमचा त्यास विरोध आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे बारावे कलम काढून पाहावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, अटकेतील माणसे यांच्याबरोबर 'औद्योगिक कामगार' हा शब्द तेथे स्पष्ट लिहिलेला आहे. त्यास उत्पन्नाचा दाखला आणावा लागत नाही. मोफत वकील मिळणे हा भिलाईच्या कामगाराचा हक्क आहे. विद्यार्थी त्यावर उपकार करीत नाही, तो फक्त त्यास योग्य दारापर्यंत नेतो. हे ज्याच्या मनात पक्के आहे त्याच्या बोलण्याचा सूरच निराळा असतो, आणि समोरचा माणूस तो तत्काळ ओळखतो.

विद्यार्थ्यांपुढे सध्या एक नवे काम आले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. जुन्या कलमांचे आकडे ज्यांना पाठ होते अशा अनुभवी कामगार कार्यकर्त्यांसही आता नव्याने पाने चाळावी लागत आहेत. मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारास आता पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते, ही गोष्ट भट्टीजवळ उभे राहणाऱ्यांपैकी किती जणांच्या कानी गेली असेल?

आपल्या घरी कायदा शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात नाव नोंदविण्यास सांगावे; सनद मिळेपर्यंत विद्यार्थ्यांना तेथे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. आणि आपणांस स्वतःला किंवा शेजारच्या कोणाला साहाय्य हवे असेल, तर राष्ट्रीय प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक 15100 हा आहे. जाताना पेटीतले सर्व कागद बरोबर न्यावेत, फाटके गेटपाससुद्धा.