कुंझुमच्या वाटेवर गाडी हाकताना

हल्ली आपल्याकडची मंडळी स्वतःची गाडी घेऊन थेट स्पितीला निघतात. २०२० साली अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलला पोचणं सोपं झालं. "खंडाळ्याचा घाट काय कमी वेळा चढलोय?" असंही नवरेमंडळी वर ऐकवतात. पण मैत्रिणींनो, ग्राम्फूपासून काझाकडे जाणारी वाट खंडाळ्याच्या पंक्तीतली नव्हे! चंद्रा नदीच्या काठानं गोटे तुडवत बातलला जायचं, आणि तिथून ४,५५१ मीटरवरची कुंझुम खिंड चढायची.

तिथला मुरलेला ड्रायव्हर पाहावा. वेगाची त्याला मुळीच हौस नाही, घाई असते ती पहाटे निघण्याची. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी मांडीला लागतो. ओढ्याशी आला की तो आधी खाली उतरतो, पुढची गाडी कुठून जाते ते बघतो, तळाचे दगड ध्यानात ठेवतो. मग पहिला गिअर, चारही चाकांना जोर, आणि ॲक्सिलरेटरवर पाय एकसारखा. मध्येच पाय उचलला किंवा क्लच दाबला, तर गाडी पाण्यातच बसायची. पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक दोन-चारदा हलके दाबून तो सुकवतो. वाटेत धोंडा आला तर दोन चाकांच्या मधून घेत नाही. चाकच त्यावर हळूच चढवतो, म्हणजे गाडीचं पोट वाचतं. उतारावरही खालच्याच गिअरमध्ये राहतो, नाहीतर ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतात.

शिवाय हवा विरळ. खिंडीच्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे कुकरशिवाय डाळ शिजणं कठीण, हे आपल्याला चटकन कळेल. इंजिनाचा जोर घटतो, आणि चालवणाऱ्याचाही! डोकं ठणकतं, मळमळतं, उगाच चिडचिड होते. पुरुषमाणसं हे कबूल करायची नाहीत. म्हणून शेजारी बसून "जपून हं, जपून" करण्यापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. बोलणं अडखळलं, तोल जाऊ लागला, की चाक दुसऱ्याच्या हाती द्यायला लावा आणि आणखी वर न चढता खाली परता. पुढच्या मुक्कामाचे पैसे बुडाले तर बुडू देत.

आणि छत्रूला पोचेतो दुपार होऊन ओढे फुगले असतील, तर तिथलाच मुक्काम धरा. जाणता ड्रायव्हर तेच करतो. रात्री थंडी कडाक्याची पडते, तेव्हा मुलांचे लोकरीचे कपडे डिकीच्या तळाशी न ठेवता वरच ठेवा.