दौंडचा गार्ड, रांजणगावची कंपनी

इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ विलायतेत ठरतो आणि आपल्याकडे येऊन बिघडतो, ही समजूत आपल्या शाळांत खोलवर रुजली आहे. ती किती खरी, हे तपासायला दौंड आणि शिरूर हे शेजारचे दोन तालुके पुरेसे आहेत. दौंड हे रेल्वेचं गाव. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, आणि त्या काळचा रेल्वेचा सगळा कारभार ब्रिटिशांचा असल्याने इथे रुळले ते इंग्लंडचे शब्द : गार्ड, स्लीपर, गुड्स. अमेरिकेत रुळांखालच्या स्लीपरला टाय म्हणतात, मालगाडीला फ्रेट आणि गार्डला कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टर एसटीत तिकिटं देतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेण्याच्या सांध्याला इंग्लंडमध्ये पॉइंट्स म्हणतात, अमेरिकेत स्विच. म्हणून दौंडला पॉइंट्समन भेटतो, स्विचमन नाही. जानेवारी २०२२मध्ये रेल्वेने गार्डचं पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तरी बोलण्यातला गार्ड हटलेला नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली त्या दोन देशांतच एवढी तफावत आहे. नोआ वेब्स्टरने १८२८ साली अमेरिकन इंग्रजीचा कोश छापला. आज ती इंग्रजी चुकीची आहे असं कोणी म्हणत नाही.

मग आपल्या शिवारातल्या शब्दांनाच चूक का म्हणायचं? इंग्लंडमध्ये ट्रॉली म्हणजे दुकानात सामान ढकलत न्यायची गाडी, अमेरिकेत शहरातल्या रुळांवरून धावणारी विजेची गाडी, आणि भीमेकाठी ट्रॅक्टरमागे उसाने भरलेली. ज्याच्या हाताला जे काम, तसा त्याचा शब्द. विहिरीवर ‘लाईट आली का?’ असं विचारणाऱ्याला दिव्याशी कर्तव्य नसतं; मोटर उचलेल असा थ्री फेज पुरवठा त्याला हवा असतो. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली की ऊस वाळायला लागतो, हे सगळ्या गावाला कळतं. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात ‘कंपनीत आहे’ म्हणजे कारखान्यात, शिफ्टवर. मालकी कुणाची, भागधारक कोण, हा प्रश्नच नसतो. एमआयडीसी हे तर १९६२ साली स्थापन झालेल्या महामंडळाचं नाव, पण लोकांच्या तोंडी तो एक परिसर आहे. पुणे-नगर रस्त्यावर जेवायला हॉटेल आणि मुक्कामाला लॉज, हा भेदही इथल्या वापरातूनच पक्का झाला.

कोणी म्हणेल, हे शब्द आता मराठीच झाले, त्यांना इंग्रजीत कशाला मोजता? त्यात तथ्य आहे. लाईट ‘गेली’ म्हणताना आपण तिला स्त्रीलिंगी करून टाकतो; ट्रॉल्या, कंपन्या ही अनेकवचनंही आपलीच. पण इथलाच मुलगा इंग्रजीत लिहायला बसला की शब्दासोबत हा अर्थही वहीत उतरतो, आणि तिथे तो इंग्रजीचाच प्रश्न होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : मुलाखतीत, परदेशी ग्राहकाशी बोलताना अर्थाचा घोटाळा होईल. होईलच, आणि त्याची किंमत आपल्याच मुलांना मोजावी लागेल. मात्र लाल शाईची रेघ मारून हा घोटाळा टळत नाही. वडील कंपनीत आहेत असं मुलाने इंग्रजीत लिहिलं, तर शिक्षकांनी त्याला सांगावं की इथे हे सगळ्यांना समजतं, पण बाहेरच्या वाचकासाठी फॅक्टरी लिही. लाईट गेली हे लिहायचं असेल तर इंग्लंडच्या माणसाला पॉवर कट कळेल, अमेरिकेच्या माणसाला आउटेज. असे पाच-पंचवीस शब्द आठवीच्या वर्गात एका तासात फळ्यावर मांडता येतात.