चेहऱ्याची तक्रार नेणारा मज्जातंतू

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पाणलोटाच्या कामासाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९९० नंतर तेथे डोंगरउतारावर चर खणले गेले, बंधारे पडले, झाडे लागली. आणि जेथे विहिरी कोरड्या पडत, तेथे कांद्याचे पीक निघू लागले. त्या कांद्याचा भाव हा आमचा आजचा विषय नव्हे. तो कांदा विळीवर चिरताना डोळ्यांत पाणी का येते, एवढ्याच प्रश्नापासून आम्ही आरंभ करणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु तक्रार कोठून निघते, कोणत्या वाटेने जाते आणि वाटेत तिचा विपर्यास कसा होतो, हे पाहण्याचेच काम आम्ही जन्मभर केले. आणि हा विषयही मुळात तोच आहे.

कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात व त्यांतून गंधकयुक्त वायू निघतो. हा वायू तयार करणारे स्वतंत्र एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले. वायू डोळ्याच्या ओलाव्यात विरघळून झोंबतो. ही झोंबण्याची बातमी मेंदूकडे नेतो तो पाचवा मज्जातंतू. अश्रू गाळण्याचा हुकूम मात्र सातव्या मज्जातंतूचा. बातमी नेणारा निराळा आणि हुकूम आणणारा निराळा, हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील पाचव्या जोडीला ट्रायजेमिनल म्हणतात. या लॅटिन नावात 'तिळे' हा अर्थ आहे. उजव्या चेहऱ्याचा एक आणि डाव्याचा एक, असे हे दोन मज्जातंतू होत. मेंदूच्या देठापासून निघाल्यावर कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या अंगाला, त्याची एक गाठ लागते आणि तेथून तीन फांद्या फुटतात. पहिली कपाळ, वरची पापणी, नाकाचा शेंडा आणि बुबुळावरील पारदर्शक पडदा यांची खबर आणते. दुसरी गाल, वरचा ओठ, वरचे दात व टाळू यांची. तिसरी हनुवटी, खालचा ओठ, खालचे दात आणि जिभेच्या पुढच्या भागाचा स्पर्श यांची. मिरची जिभेला झोंबते ती याच वाटेने. चव नेणारे तंतू वेगळे आहेत.

तिसऱ्या फांदीला आणखी एक काम दिलेले आहे. चावण्याचे स्नायू तीच हालवते. कानशिलावर बोटे ठेवून दात आवळावेत. जो स्नायू फुगलेला लागतो, तो तिच्या आज्ञेत आहे. भाकरीत खडा आला की विचार सुचण्याआधीच जबडा उघडतो. येथे बातमी आणि हुकूम दोन्ही एकाच मज्जातंतूतून जातात, म्हणून दात वाचतो.

आता या नकाशाचा संसारात उपयोग काय, असे कोणी विचारील. नागिणीचे उदाहरण घ्या. लहानपणी कांजिण्या होऊन जातात; पण त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतात आणि उतारवयात कधी एका फांदीवरून पुन्हा वर येतात. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, अशी समजूत आपल्याकडे आहे. वास्तविक मज्जातंतू एकाच बाजूचा असल्याने नागीण सहसा मध्यरेषेवर थांबते. भय दुसऱ्याच गोष्टीचे आहे. कपाळावर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावरही फोड आले, तर डोळ्याला धोका संभवतो. गेरू लावीत बसू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेले उत्तम.

दुसरे दुखणे याहून फसवे आहे. तोंड धुताना, दाढी करताना, घास चावताना, कधी नुसत्या वाऱ्याच्या झुळकेने गालात किंवा जबड्यात विजेचा लोळ उठतो. काही सेकंद टिकतो आणि जातो. वरून काही दिसत नाही. घरच्यांना हे सोंग वाटते, रोग्याला दाढ वाटते. मग एक दाढ काढली जाते, मग दुसरी, आणि कळ जिथल्या तिथे! पुष्कळदा मूळ आत असते. मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूवर दाबून राहते व त्याचे आवरण झिजते. १९६२ साली स्वीडनच्या ब्लोम यांनी कार्बामाझेपिन या औषधाचा गुण प्रसिद्ध केला. आजही प्रथम तेच देतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. औषध पुरेनासे झाले, तर रक्तवाहिनी बाजूला सारण्याची शस्त्रक्रिया आहे.

जुन्या काळी या कळेसाठी शल्यवैद्य सातवा मज्जातंतू कापीत. कळ राही आणि चेहरा मात्र लुळा पडे. १८२० नंतरच्या काही वर्षांत चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांच्या प्रयोगांतून उलगडा झाला की चेहऱ्याची संवेदना पाचवा नेतो आणि हावभाव सातवा घडवितो. तक्रार एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा तो प्रकार होता.

याच्या उलट बाजूही पाहावी. कुष्ठरोगात कधी बुबुळावरील पडद्याची संवेदना जाते. कचरा गेला तरी खुपत नाही, डोळा चोळावासा वाटत नाही, रोगी स्वस्थ असतो. आणि आत व्रण पडून दृष्टी जाते. गिरणीत काय किंवा शरीरात काय, तक्रार येत नाही म्हणजे सारे क्षेम आहे असे मानणारा व्यवस्थापक फार दिवस टिकत नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. घरात कोणी गाल धरून बसला, तर त्याला सोंगाड्या म्हणू नये. कळ किती वेळ टिकते, कशाने उठते, कोणत्या बाजूला उठते, हे त्याला विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. दाढ काढण्यापूर्वी दाढच दुखते आहे ना, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे, आणि तो त्याने बजावावा.