आगबोटीची निळी थाळी

मंडळी, बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो. पक्कं भाजलेलं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. जुनी चिनी मातीची भांडी जमवणारेही हेच करतात. त्यांच्या खास आवडीची एक वस्तू म्हणजे आगबोटीचं चित्र असलेली थाळी.

१८०७ साली अमेरिकेत रॉबर्ट फुल्टन यांची आगबोट हडसन नदीतून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली. सुमारे १५० मैलांचं अंतर तिनं ३२ तासांत कापलं. या नवलाचं लोकांना मोठं अप्रूप. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कारखानदारांनी ते हेरलं आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी आगबोटीच्या निळ्या थाळ्या काढल्या. बर्स्लेमच्या ईनॉक वुड यांच्या कारखान्यातली, काठाला शिंपल्यांची नक्षी असलेली ‘युनियन लाइन’ ही थाळी संग्राहकांना चांगली ठाऊक आहे.

ही चित्रं कुंचल्यानं काढलेली नसत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, पत्रा तापवून तेलात खललेला रंग रेघांत भरायचा, आणि त्याचा ठसा पातळ ओल्या कागदावर घ्यायचा. तो कागद एकदा भाजलेल्या थाळीवर घासून बसवायचा. पाण्यानं कागद निघतो, रंग राहतो. मग झिलई चढवून थाळी पुन्हा भट्टीत. कोबाल्टचा निळा रंग ही आंच सोसतो. एका पत्र्यावरून पुष्कळ ठसे निघत, म्हणून चित्रांची भांडी साध्या घरांतही पोचली.

आता पारख कशी करायची? काठाची नक्षी नीट पाहा. कागदाच्या पट्ट्या जिथं जुळवल्या, तिथं बहुधा सांधा दिसतो. तो दोष नव्हे, हातकामाची खूण आहे. मग थाळी उलटी करा. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं १८९१ पासून सक्तीचं झालं. म्हणून मागे नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर थाळी बहुधा त्यानंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून थाळीही तेवढीच जुनी, असं धरून पैसे मोजू नका.

आणखी एक. जुन्या झिलईत शिसं असतं. अशी थाळी भिंतीवर शोभते. तिच्यात लोणचं किंवा आमटी वाढू नये.

गुरुजी, वर्गात मुलांना घरातली एखादी चित्राची बशी आणायला सांगा. काठाचा सांधा शोधू द्या, मागचा छाप वाचू द्या. वस्तूला प्रश्न विचारणं, हाही इतिहासाचाच धडा आहे.