तीन फुटांतला घाट

खांदा कॉलनीत सिडकोच्या सदनिकेत राहणाऱ्या गृहस्थास आगगाडीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. खांदेश्वर स्थानकावर हार्बरची लोकल धरणे हा त्याचा नित्याचा व्यवहार, आणि पूर्वेच्या माथेरानवर १९०७ सालापासून दोन फुटी रुळांची गाडी चढते हेही त्यास ठाऊक असते. परंतु पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहून तसाच संसार आपल्या घरी मांडण्याची तजवीज तो करू लागला, की पहिला प्रश्न जागेचा उभा राहतो. सबब इमारतीप्रमाणे या रेल्वेलाही मजले चढवावे लागतात, आणि खालच्या मजल्यावरील गाडी वर नेण्याचा मार्ग म्हणजे हेलिक्स : एकाच वर्तुळात फेऱ्या घेत चढणारा मळसूत्री घाट.

१८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात जेम्स बर्कली याने १:३७ चा चढ पत्करला, वर गाडीची दिशा उलटविणारे स्थानकही योजले. ते पुढे बाद झाले, तरी कर्जतला गाडीच्या मागे रेटा देणारी बँकर इंजिने लावण्याची वहिवाट चालूच राहिली. घरगुती घाटाचा मामला याहून निराळा नाही. चढ, वक्रता आणि दोन फेऱ्यांमधील उंची यांपैकी एकीस सूट दिली, की ती दुसरीच्या खात्यातून वसूल होते.

लोकप्रिय अशा १:८७ प्रमाणात एका फेरीस सुमारे १०० मिलिमीटर चढावे लागते, आणि ६१० मिलिमीटरच्या त्रिज्येवर तो चढ १:३८ पडतो; पण मग हे प्रकरण सव्वा मीटरहून अधिक रुंद होऊन दिवाणखान्याची निम्मी हद्द गिळते. म्हणून १:१६० हेच प्रमाण सदनिकेस मानवते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्रिज्या ४०० मिलिमीटर धरली, तर एका फेरीची लांबी २,५१३ मिलिमीटर भरते. चढ ६३ मिलिमीटर ठेवला की प्रमाण १:४०, म्हणजे बोरघाटाहून किंचित सौम्य. त्या ६३ पैकी प्लाय व रूळ यांचे अकरा-बारा वजा जाता पन्नासएक उरतात. विजेची तार प्रत्यक्षात साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे या प्रमाणात ३४ मिलिमीटरवर, असल्याने उभारलेला पेंटोग्राफही सुखाने जातो. तथापि वळणावरील घर्षणाचा कर वेगळा भरावा लागतो. खऱ्या ब्रॉडगेजवर वक्रतेच्या प्रत्येक अंशामागे चढ ०.०४ टक्क्याने कमी करण्याचा दंडक आहे. इथे वळण कितीतरी तीव्र, म्हणून सपाटीवर वीस डबे ओढणाऱ्या इंजिनाकडून घाटात तितक्यांची अपेक्षा करू नये, किंवा मग दुसरे इंजिन जोडावे.

बांधणीस सहा मिलिमीटरच्या प्लायचे साठ-साठ अंशांचे कमानदार तुकडे कापावेत. अखंड कडी कापण्यात लाकडाची नासाडी फार. सहा ठिकाणी आत-बाहेर आट्यांच्या सळया उभ्या करून प्रत्येक तुकडा खाली-वर नट व वायसर यांत धरावा. एका सळईपासून पुढच्या सळईपर्यंत साडेदहा मिलिमीटर चढ येतो. तो नट फिरवून बिनचूक साधता येतो, आणि लेव्हल लावून तुकडा आडवा कललेला नाही याची खात्री करून घ्यावी. हलके डबे पुढे आणि जड मागे असा फेर झाला, तर पुढचे डबे वळणाच्या आत ओढले जाऊन रुळावरून उतरतात. डब्यांना पुरते वजन द्यावे. घाटाच्या तोंडाशी चढ एकाएकी सुरू न करता हळूहळू वाढवावा. पनवेलच्या पावसाळी हवेत साधा प्लाय फुगतो, तेव्हा पाणीरोधक प्लाय घेऊन कडांसह रंगविणे हे काटकसरीचेच ठरते.

सहा फेऱ्यांत पंधरा मीटर रूळ जातो आणि गाडी पावणेचारशे मिलिमीटर वर येते. प्रमाणात ताशी ४० किलोमीटरने धावणारी गाडी त्यात साडेतीन मिनिटे अदृश्य राहते, आणि एवढ्या वेळात पाहुणा कंटाळतो. पुढील बाजूच्या दोन फेऱ्या त्यामुळे उघड्याच ठेवाव्यात. उरलेल्या चारांवर डोंगराचे आवरण घालायचे असल्यास मागून हात शिरेल एवढी खिडकी ठेवण्यास सुतारास आधीच बजावावे, कारण गाडी घसरली तर ती तिथूनच उचलावी लागते.